अजून बदलता येतंय तोवर दाखवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे ना: दुसऱ्यांच्या घरी राहून म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायकांवर तुमच्या टीमने दोन वर्षं काम केलं, 38 मुलाखती, शिवाय एक सर्व्हे, आता पेपर जर्नलकडे गेलाय आणि विभागप्रमुख म्हणतायत की निष्कर्ष समाजापर्यंत न्या. त्यासाठी युनिव्हर्सिटीच्या सभागृहात कार्यक्रम, पीपीटी, रिपोर्टचं प्रकाशन वगैरे ठरतंय आणि तुम्हाला धाकधूक आहे की ज्यांच्यावर अभ्यास केला त्या बायका येणारच नाहीत. त्यांना आणायचं कसं, कुठला फॉरमॅट चालतो, असं विचारलंय. आणि जाता जाता शेवटी एक ओळ टाकलीये की या बायकांना घरोघरी कामाला लावणाऱ्या ज्या एजन्सीने तुम्हाला ओळखी करून दिल्या ती रिपोर्ट आधी मागतेय.

मला विचाराल तर खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे, आणि तो फॉरमॅटचा नाहीच. तुम्हाला जे सापडलंय ते सगळ्यात आधी कोणाला कळणार, आणि कळेल तेव्हा त्यात बदलण्यासारखं काही उरलेलं असेल का, हा प्रश्न आहे. सध्याचा क्रम बघा: आधी जर्नलचे रिव्ह्यूअर, मग एजन्सी (मागतेच आहे), मग सभागृहातले पाहुणे, आणि सगळ्यात शेवटी, आल्या तर, त्या बायका. ज्यांनी तासन्‌तास बसून सगळं सांगितलं त्याच रांगेत शेवटी. आणि तोवर रिपोर्ट छापून तयार, म्हणजे त्यांनी "हे चुकलंय" म्हटलं तरी तुम्ही फार तर मान डोलावणार. मग त्या का येतील? मी त्यांच्या जागी असते तर नसते गेले.

मी 19 वर्षं हेच काम करतेय, सामाजिक विषयांवरचं संशोधन, जास्त करून कामगार आणि भाड्याने राहणारे लोक. त्यातली पहिली सहा-सात वर्षं मीही सभागृहवालीच होते, त्यामुळे पुढचं जे काही लिहितेय ते शहाणपण मिरवायला नाही, बऱ्यापैकी तोंडावर आपटून आलेलं आहे.

पहिलं मोठं काम हॉस्पिटलमधल्या कंत्राटी सफाई कामगारांवर होतं. फील्डवर्क संपल्यापासून रिपोर्ट हातात यायला 14 महिने लागले, कारण कोडिंग (म्हणजे मुलाखतींतल्या मजकुराची विषयवार वर्गवारी), मग ड्राफ्ट, मग एका सहकाऱ्याची बदली, मग डिझाइन करणारा गायब. रिपोर्ट मात्र देखणा झाला होता. तो घेऊन आम्ही मोठ्या उत्साहाने गेलो तर एक जण पानं चाळत म्हणाली, "आता आलात? कंत्राट तर दोन महिन्यांपूर्वीच झालं." नवीन कंत्राट तीन वर्षांचं. आमच्या शिफारशी जवळजवळ सगळ्या त्या कंत्राटात काय असावं याबद्दलच होत्या. आम्हाला कंत्राटाची मुदत कधी संपते हे माहीत नव्हतं, कारण आम्ही ते कोणाला विचारलंच नव्हतं. 60 पानांचा रिपोर्ट आणि त्यात ती एक तारीख नाही!

पुढे काही वर्षांनी दुसऱ्या एका ठिकाणी तशाच विषयावर काम केलं तेव्हा मी हट्टाने कच्चा ड्राफ्ट घेऊन गेले, म्हणजे अक्षरशः चार पानं, तीही हाताने खाडाखोड केलेली. त्यात आम्ही लिहिलं होतं की शिफ्ट आठ तासांची असते आणि ती बहुतेक वेळा पाळली जाते. सर्व्हेत तसंच आलं होतं. वाचून दाखवल्यावर एक जण म्हणाली, "आणि बदली येईपर्यंत उभं राहायचं, ते कुठे धरलंय?" पुढच्या शिफ्टची बाई आल्याशिवाय वॉर्ड सोडता येत नव्हता, ती उशिरा आली की हिचा तास-दीड तास गेला, आणि त्याचे पैसे नाहीत. आमच्या प्रश्नावलीत "शिफ्ट किती तासांची" असं होतं, "घरी किती वाजता निघता" असं नव्हतंच. आम्ही परत जाऊन तो एक प्रश्न सगळ्यांना विचारला आणि शेवटी तोच रिपोर्टचा मुख्य निष्कर्ष झाला. तोच ड्राफ्ट छापून नेला असता तर ती तेच बोलली असती, आम्ही "खूप महत्त्वाचा मुद्दा" म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या, आणि विषय संपला असता.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हे की सभागृह राहू द्या बाजूला, रिपोर्ट डिझाइनला पाठवायच्या आधी कच्च्या निष्कर्षांच्या दोन-तीन छोट्या बैठका करा. सहा-आठ जणी पुरे. तुमच्या विषयात मला तर उघड दिसतंय की झोपेच्या तासांचं काय धरलंय तिथे नक्की काहीतरी निसटलेलं असणार, कारण राहून काम करणारी बाई रात्री झोपलेली असते की ड्युटीवर असते हे तिलाच विचारावं लागतं. कदाचित तुम्ही विचारलं असेल. पण असं काहीतरी असतंच.

आणि त्या बैठकीत निष्कर्ष सांगण्याआधी एक प्रश्न विचारा: पुढच्या सहा महिन्यांत तुमच्या कामाबद्दल कोण काय ठरवणार आहे? दर बदलणार आहेत का, करार नवे होणार आहेत का, एखादा नियम येतोय का, की असं काहीच नाही. तुमचं वेळापत्रक त्यावरून ठरवा. पेपर कधी स्वीकारला जाईल त्यावरून नको, आणि विभागाचा वार्षिक अहवाल कधी द्यायचाय त्यावरून तर मुळीच नको.

वेळेचं एक उदाहरण सगळीकडे दिलं जातं, मीही देते. 2015 मध्ये अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात नळाच्या पाण्यात शिसं येतंय अशी रहिवाशांची ओरड होती आणि अधिकारी ऐकत नव्हते. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या टीमने 300 किट पाठवले, ते वाटायचं आणि गोळा करायचं काम रहिवाशांनी केलं, अडीचशेहून जास्त नमुने परत आले, आणि आकडे हाती आले तसे टीमने ते जाहीर करून टाकले. पेपर नंतर. थांबले असते तर लोक तेवढे महिने तेच पाणी पीत राहिले असते. पण हे उदाहरण जसंच्या तसं आपल्याला लावू नका. शिसं मोजता येतं, एका घराचा आकडा म्हणजे आकडा. मुलाखतींचं तसं नसतं, तिथे आपण अर्थ लावतो आणि घाईत लावलेला अर्थ चुकतो. म्हणून तुमच्याकडे घाई "जाहीर करण्याची" नाही, "दाखवून विचारण्याची" आहे. (आणि फ्लिंटची गोष्ट पुढे तितकी गोड राहिली नाही हेही सांगायला हवं, नंतर संशोधक आणि काही कार्यकर्ते यांच्यात इतकं बिनसलं की प्रकरण कोर्टात गेलं. एकदा चांगलं काम केलं म्हणजे नातं कायमचं टिकतं असं काही नाही.)

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमचं संमतीपत्र उघडा आणि बघा की "निष्कर्ष कळवण्यासाठी परत संपर्क करू" असं त्यात लिहिलंय का. बऱ्याच ठिकाणी हे नसतं. मग तुम्हाला वाटतं आपण चांगलंच काम करतोय, पण नियमाने तुम्ही त्या नंबरवर परत फोन करू शकत नाही, आणि काही ठिकाणी तर मुलाखती झाल्यावर नंबरची यादी नष्ट करायची अट असते. तसं असेल तर आधी एथिक्स कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज टाका, त्याला वेळ लागतो म्हणून आजच टाका. यादी उरलीच नसेल तर मग मुलाखत दिलेल्या त्याच बायका शोधायचा नाद सोडा, तेच काम करणाऱ्या इतर बायकांपुढे ठेवा, तेही चालतं, फक्त "तुम्ही असं म्हणाला होतात" ऐवजी "आम्हाला असं सांगण्यात आलं, तुम्हाला पटतंय का" असं होतं. खरं तर कधीकधी हे जास्त मोकळं होतं.

दुसरं, या बायकांची काही संघटना, गट, निदान एखादा व्हॉट्सॲप ग्रुप आहे का. असेल तर तुमचं निम्मं काम झालं, त्यांच्या ठरलेल्या भेटीत अर्धा तास मागून घ्या. नसेल तर एकेकीला गाठावं लागेल, आणि ते जिकिरीचं आहे कारण राहून काम करणाऱ्या बाईला आठवड्यात जेमतेम एक सुट्टी. ती सुट्टी तुमच्या कार्यक्रमाला द्यायची म्हणजे तिने कपडे कधी धुवायचे आणि मुलांशी कधी बोलायचं? येण्याजाण्याचा खर्च आणि वेळेचा मोबदला द्या. मुलाखतीला देता तर यालाही द्या, यात ती तुमचं काम तपासतेय, ते काय कमी मोलाचं आहे? बजेटमध्ये नाही असं सांगतील. सभागृहाच्या फुलांचे आणि स्मृतिचिन्हांचे पैसे त्याच बजेटमधून जातात, तेवढं नम्रपणे दाखवून द्या.

आता एजन्सी. इथे जरा थांबून लिहिते, कारण माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होऊ शकतं.

आधी हे शोधा की सुरुवातीला तुम्ही एजन्सीला काय कबूल केलं होतं. जुने मेल काढा. "रिपोर्ट तुमच्याशी शेअर करू" असं असेल तर शेअर करावाच लागेल, पण शेअर करणं आणि आधी देणं यात फरक आहे, आणि आधी देणं आणि बदल करायची परवानगी देणं यात त्याहून मोठा फरक आहे. मी एकदा अशाच एका संस्थेला फोनवर "तुम्हाला सगळं दाखवू" म्हणाले होते, चांगुलपणात. पुढे त्यांनी मुलाखतींच्या मूळ प्रती मागितल्या, "सगळं म्हणाला होतात" म्हणून. तीन महिने त्यात गेले. प्रती दिल्या नाहीत, पण संबंध संपले, आणि त्याचा फटका आमच्यापेक्षा तिथल्या लोकांना बसला, कारण त्या संस्थेने नंतर कोणालाच आत येऊ दिलं नाही.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं: बायकांच्या बैठका आधी. त्यानंतर पक्का झालेला सारांश एजन्सीला द्यायचा, प्रकाशनाच्या दहा-बारा दिवस आधी, आणि सोबत स्पष्ट लिहायचं की यात वस्तुस्थितीची चूक असेल तर अमुक तारखेपर्यंत कळवा, निष्कर्षांशी मतभेद असेल तर तुमचं म्हणणं आम्ही रिपोर्टमध्ये तुमच्या शब्दांत छापू. चूक दुरुस्त करायचा हक्क, खोडायचा नाही. आणि एजन्सीला हे मिळणार आहे ही गोष्ट बायकांना बैठकीतच सांगून टाका, नंतर कळलं तर त्यांच्या लेखी तुम्ही एजन्सीचीच माणसं.

मुलाखतींच्या प्रती, सर्व्हेची फाइल, कोणत्या भागातून किती जणी आल्या त्याचं टेबल, यातलं काही द्यायचं नाही. नावं काढली म्हणजे झालं असं सगळ्यांना वाटतं. लतान्या स्वीनी या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी 2000 मध्ये दाखवून दिलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली 87 टक्के माणसं एकमेव ठरू शकतात, म्हणजे नेमकी ओळखता येऊ शकतात. तुमच्याकडे तर सगळा गट काही शेकड्यांचा, आणि एजन्सीकडे कोण कुठल्या घरी कामाला आहे याची यादी तयार. तिला पिनकोडसुद्धा लागणार नाही.

त्यातून अवतरणं हा तर सापळाच. भाडेकरूंवरच्या एका अभ्यासात मी एक वाक्य मोठ्या प्रेमाने रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाकलं होतं, घर बदलताना मांजर मागे सोडून यावं लागलं असं. नाव बदललेलं, वय बदललेलं. पण मांजर कोणाचं होतं हे पूर्ण बिल्डिंगला माहीत होतं! घरमालकाला पण. तिला काही झालं नाही, नशीब तिचं आणि माझं, पण त्या दिवसापासून मी प्रत्येक अवतरण एका प्रश्नातून गाळते: हे वाक्य तिच्या मालकाने वाचलं तर तो ओळखेल का? जग ओळखेल का हा प्रश्नच नाही, जगाला काही पडलेलं नसतं. तुमच्या अभ्यासात "आमच्या आजी पूर्वी गाणं शिकवायच्या" एवढं आलं तरी त्या आजींची मुलगी ओळखणार.

यावर एक जुनी गोष्ट आहे, मला फार आवडते. 1958 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावावर समाजशास्त्राचं पुस्तक आलं. कोणाची ओळख कळणार नाही असं गावाला सांगितलेलं होतं, गावाचं आणि माणसांचं नाव बदललं होतं, पण गावातली सत्ता कोणाच्या हातात आहे याचं वर्णन इतकं नेमकं की प्रत्येकाने प्रत्येकाला ओळखलं. त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत गावकऱ्यांनी त्या पुस्तकावर चित्ररथ काढला. पुस्तकाचं भलंमोठं मुखपृष्ठ, मुखवटे घातलेली माणसं, गाड्यांवर पुस्तकातली खोटी नावं, आणि सगळ्यात मागे शेणखताची गाडी, त्यावर लेखकाचा पुतळा. विद्यापीठांनी समाजाशी संवाद साधावा म्हणतात, समाजानेही तेव्हा चांगला साधला.

आणि सभागृहातच पहिल्यांदा कळणं किती महागात पडू शकतं त्याचंही एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी 1990 च्या सुमारास ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले होते, मधुमेहावर अभ्यास होतोय या समजुतीने. 2003 मध्ये जमातीतली एक बाई त्याच विद्यापीठात एका पीएचडीच्या सादरीकरणाला जाऊन बसली आणि तिथे तिला कळलं की त्यांचं रक्त भलत्याच प्रश्नांसाठी वापरलं गेलंय, स्किझोफ्रेनिया, जमातीतली आपसातली लग्नं, पूर्वज कुठून आले वगैरे. खटला झाला, 2010 मध्ये विद्यापीठाने 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर दिले आणि नमुने परत केले. तुमचं प्रकरण असं काही नाही हे मला माहितीये. पण स्वतःबद्दलचं काहीतरी अनोळखी लोकांच्या गर्दीत, स्लाइडवर, पहिल्यांदा बघणं, हा भाग सारखाच आहे.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: संमतीपत्र बघा, कच्चे निष्कर्ष आधी बायकांना, मग दुरुस्ती, मग एजन्सीला मुदतीसह सारांश, मग बाकी जग.

आता फॉरमॅट, तुम्ही विचारलंच आहे तर. माझा अनुभव असा की फॉरमॅटवर लोक फार जीव काढतात. नाटक, कॉमिक, प्रदर्शन, पॉडकास्ट, सगळं करून झालंय. फोटोव्हॉइस म्हणून एक पद्धत आहे, कॅरोलाइन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी 90 च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हातात कॅमेरे देऊन सुरू केली, उत्तम पद्धत आहे, पण ती अभ्यास करतानाच करायची असते, शेवटी सजावट म्हणून चिकटवायची नसते. आणि तुमच्या बायकांनी मालकांच्या घरात फोटो काढणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं.

तुम्हाला मी दोनच गोष्टी सुचवेन. एक पानभर मजकूर, आणि तीन-चार मिनिटांची ऑडिओ क्लिप, ज्या भाषेत त्या आपसात बोलतात त्या भाषेत. ऑडिओ का, तर काम करता करता कानात ऐकता येतं, आणि वाचायला अवघडणाऱ्या बाईला कोणाकडून वाचून घ्यावं लागत नाही. पण ती पाठवायच्या आधी विचारा की पाठवू का. फोन मालकीणबाईंनी घेऊन दिलेला असतो, कधी त्यांच्या हातात जातो, आणि "पगार आणि सुट्टीबद्दलचे निष्कर्ष" अशा नावाची फाइल त्यात दिसली तर काय होईल ते तुम्ही किंवा मी ठरवू शकत नाही, तीच ठरवू शकते. काही जणी म्हणतील पाठवू नका, भेटल्यावर ऐकवा. तसं करा.

भाषेबद्दल, दक्षिण आफ्रिकेतल्या सान या मूळनिवासी लोकांनी 2017 मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली, त्यात स्पष्ट म्हटलंय की भाषा स्वच्छ पाहिजे, विद्यापीठी नको. मी सोपी परीक्षा करते, वाक्य मोठ्याने वाचते आणि मध्ये श्वास घ्यावा लागला तर तोडते. आकडे "62.5 टक्के" असे नको, "आठ जणींपैकी पाच" असे सांगा. बारग्राफ नको. "असुरक्षितता", "सक्षमीकरण", "हितसंबंधी घटक" हे शब्द पेपरमध्ये खुशाल ठेवा, इथे काढा. आणि एक, काय सापडलं नाही तेही सांगा. "दर का वाढत नाहीत याचं उत्तर आम्हाला मिळालं नाही" हे ऐकून लोक नाराज होत नाहीत, उलट बाकीच्यावर विश्वास बसतो.

तुमच्या प्रपोजलमध्ये "लोकसहभाग" हा शब्द असणारच, सगळ्यांच्या असतो. शेरी अर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासकांनी 1969 मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यात नुसती माहिती देणं तिसऱ्या पायरीवर आणि मत विचारणं चौथ्या, आणि या दोन्हीला त्यांनी दिखाव्यातच धरलंय, कारण ठरवायचा अधिकार तर दुसऱ्याकडेच राहतो. म्हणजे तुमचं सभागृह तिसरी पायरी, आणि मी जे सांगतेय ते चौथी, फार ओढून-ताणून थोडी वर. खरा सहभाग प्रश्न ठरवतानाच हवा होता. नेदरलँड्समध्ये 1970 च्या दशकात विद्यापीठांनी सायन्स शॉप काढले, तिथे लोक आपला प्रश्न घेऊन येतात आणि विद्यापीठ त्यावर काम करतं, उलटा रस्ता. तुमची ती वेळ गेली, ठीक आहे, पण बैठकीच्या शेवटी "आम्ही काय विचारायला हवं होतं" एवढं विचारून ठेवा. पुढचं प्रपोजल तिथूनच निघेल.

जर्नलचं टेन्शन घेऊ नका, पण दुर्लक्षही नको. साध्या भाषेतला सारांश लोकांना दाखवला म्हणून सहसा कोणी पेपर नाकारत नाही, तरी त्या जर्नलचं धोरण वाचा आणि शंका असेल तर संपादकांना दोन ओळींचा मेल टाका. पेपर रिव्ह्यूमध्ये आहे हे तर तुमच्या फायद्याचंच आहे, अजून दुरुस्ती करता येते.

एक अवघड गोष्ट राहिली. तुमच्या निष्कर्षांत काहीतरी असं असणारच जे त्या बायकांना आवडणार नाही. जुन्या बायका नव्यांना कमी दराचं काम ढकलतात, किंवा अमुक भागातून आलेलींना वेगळी वागणूक देतात, असलं काहीतरी. ते लपवायचं का? मी लपवत नाही. पण ते पहिल्यांदा त्यांच्याच छोट्या बैठकीत, बंद दाराआड सांगते आणि "असं का होतं" हे विचारते. बहुतेक वेळा जे कारण मिळतं त्याने ते वाक्य खोटं ठरत नाही, पण त्याच्या शेजारी दुसरं एक वाक्य लिहावं लागतं. एकदा एका गटाने सरळ सांगितलं, हे छापू नका, मालक हेच दाखवून आमच्यात फूट पाडतील. आम्ही दोन तास वाद घातला. शेवटी पेपरमध्ये ठेवलं, लोकांसाठीच्या पानावरून काढलं, आणि तसं केल्याचं पेपरमध्ये लिहिलं. बरोबर केलं का ते मला आजही ठाम सांगता येणार नाही. माझा सहकारी तेव्हा म्हणाला होता की ही सेन्सॉरशिप आहे, त्याचं म्हणणंही सोडून देण्यासारखं नाही.

पत्रकार आले तर "एखादी केस मिळेल का, फोटोसह" असं विचारतीलच. देऊ नका. पत्रकाराचा नंबर तुम्ही बायकांपर्यंत पोचवा, ज्या बाईला बोलायचंय ती स्वतः फोन करेल. बायकांचे नंबर तिकडे जाता कामा नयेत.

आणि ते सभागृह. मी म्हणत नाही रद्द करा. विभागप्रमुखांना फोटो आणि उपस्थितीचा आकडा लागतो, त्यांचीही मजबुरी असते, ब्रिटनमध्ये तर विद्यापीठांच्या मूल्यमापनात अशा समाजावरच्या परिणामाला 2014 मध्ये 20 टक्के आणि 2021 मध्ये 25 टक्के वजन दिलं गेलं, मग कोण सोडेल. करा कार्यक्रम, पण तो अधिकाऱ्यांसाठी, एजन्सीवाल्यांसाठी, ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांच्यासाठी करा, त्यांनाही हे कळायला हवंच. बायकांनी तिथे आलंच पाहिजे असा आग्रह नको. समोर त्यांचे मालक बसलेले असताना त्यांना स्टेजवर बोलवून "अनुभव सांगा" म्हणणं तर नकोच नको. यायचंय तिने यावं, मागे बसावं, नाव न सांगता जावं.

राहिली तुमची भीती, की बैठकीला तरी कोण येणार, चार-पाच जणी आल्या तर त्याला काय अर्थ. आमच्या त्या दुसऱ्या सफाई कामगारांच्या बैठकीला पाचच जणी आल्या होत्या. त्यातली एक तर चुकून आली होती, पगाराच्या थकबाकीबद्दल काहीतरी आहे असं तिला कोणीतरी सांगितलं होतं, आणि तसं नाहीये कळल्यावर ती उठून चालली होती. चहा आलाय म्हणून थांबली. बदली येईपर्यंत उभं राहायचं ते कुठे धरलंय, हे तीच म्हणाली.